किटलीवाल्याचं काम

रविवार, दिवाळीची सुट्टी संपायच्या आधीचा दिवस. ठिकाण : कोल्हार, आमच्या घराची पुढची खोली. हजर : पुण्याहून आलेल्या संपादक बाई, मी आणि आमचे हे. गैरहजर : मुलगी, नोकरीच्या गावी, फोन मात्र चालू. टेबलावर माझ्या कादंबरीची छापील प्रत. पंख्यानं पानं उडू नयेत म्हणून तिच्यावर खलबत्त्यातला बत्ता.

बैठकीचा अहवाल लिहावा तशी सुरुवात झाली खरी, पण मला दुसरी येत नाही. मी पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात काम करते. कालव्याला पाणी सुटलं की कोणाच्या रानाला कधी पाणी मिळणार, त्याच्या याद्या करायच्या, हे माझं काम. घरीही किराणा, औषधं, गॅस, लग्नाची आमंत्रणं, सगळ्याच्या याद्या. कादंबरीसुद्धा तशीच लिहिली. पहाटे उठायचं, यादीतला पुढचा प्रसंग लिहायचा, त्याच्यापुढे खूण करायची, मग अंघोळ, डबा, ऑफिस.

कादंबरी मात्र फँटसी. हे ऑफिसात अजून कोणाला पटत नाही. एका डोंगरात झोपलेली नदी आहे. तिची किल्ली घेऊन एक मुलगी पायी निघते. तिला राज्याच्या अगदी शेवटच्या गावाला पोचायचंय, कारण नियमाप्रमाणे पाणी आधी शेवटच्या गावाला द्यायचं असतं. वाटेत बोलणारी दारं, टेकडीएवढं कासव आणि नदी मधल्यामधे पळवणारे मांत्रिक. आणि प्रत्येक दारापाशी कुठूनतरी एक माणूस किटली घेऊन येतो. मुलीला चहा देतो, शेजारी बसतो, "लई लांब जायचंय का आज?" एवढंच विचारतो आणि निघून जातो.

प्रकाशकांना हस्तलिखित आवडलं, पण त्यांनी एक अट घातली. एका व्यावसायिक संपादकाबरोबर काम करायचं, आणि त्या झालं म्हणतील तेव्हाच पुस्तक छापायला जायचं. त्या म्हणजे या बाई. वय माझ्यापेक्षा जास्त, केस बारीक कापलेले, पिशवीत पेन्सिली आणि टोकयंत्र. बारीकसारीक गोष्टी त्या समासात पेन्सिलीनं लिहायच्या आणि पानं पोस्टानं पाठवायच्या. मोठी गोष्ट असली की मात्र स्वतः येऊन समोर बसायच्या. "मोठी गोष्ट कागदावर कळवली की लेखक रडतो आणि मला दिसत नाही," असं त्यांचं म्हणणं.

पहिल्याच पानांवर त्यांनी लिहिलं होतं, "तुमच्या राज्यात कोणालाच उशीर होत नाही. मांत्रिक हल्ला करण्याआधी सूचना पाठवतो. त्याला जरा बेशिस्त करा." ते मी केलं. जड गेलं, पण केलं. त्यांचा दुसरा प्रश्न होता, पाणी शेवटच्या गावाला आधी का? वरची गावं वाटेतच आहेत, त्यांना आधी का नाही?

मी चक्रावलेच. आमच्या कालव्यावर पाणी असंच फिरतं, शेपटाकडून वरच्या अंगाला. वरच्यांनी आधी घेतलं तर खाली थेंब पोचत नाही. आयुष्यभर त्याच याद्या केल्यामुळे, हे कोणाला सांगावं लागेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. अख्खं पुस्तक त्या नियमावर उभं आणि नियमाचं कारण कुठंच लिहिलेलं नाही. बाई फोनवर म्हणाल्या, "अहो, हाच तर पुस्तकाचा कणा आहे. तुम्ही तो घरी विसरून आलात." मग पहिल्या प्रकरणात मुलीची आजी तिला ते कारण सांगते, असं केलं. ते प्रकरण आता सगळ्यात चांगलं आहे.

म्हणून त्या रविवारी बाई स्वतः येणार म्हटल्यावर मी धास्तावले होते.

पोहे झाले. ताटल्या मी आत नेऊन आवरून आले, मग हे स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं. बाईंनी बत्ता उचलून बाजूला ठेवला.

"हा किटलीवाला कोण?"

"वाटेत भेटतो."

"ते दिसतंय. करतो काय?"

"चहा देतो."

"आणि?"

"बसतो."

"आणि?"

"जातो."

"मुलीला वाट दाखवत नाही, मांत्रिकाची बातमी आणत नाही, काही नाही. दर दारापाशी हजर, आणि गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही. काढून टाका. हा रिकामा माणूस आहे."

हे ट्रे घेऊन दारात उभे होते.

इथे थोडं मागे जायला हवं. आमचे हे कोपरगावच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायचे. मनमाडची कधी, नगरची गेली का, नाशिकला थेट आहे की बदलावी लागेल, दिवसभर माणसं विचारायची आणि हे सांगायचे. यंदा उन्हाळ्यात निवृत्त झाले. पहिले काही आठवडे शेजाऱ्यांना न विचारता गाड्यांच्या वेळा सांगत होते. मग तेही थांबलं. पेपर अगदी निविदांपर्यंत वाचायचा, दूधवाल्याची गाडी वाजली की फाटकाशी जायचं. एकदा मला म्हणाले, "दिवसभरात एक माणूस काही इचारत न्हाई गं." मी तेव्हा कणीक मळत होते. म्हटलं, होईल सवय.

पहाटेचा चहा मात्र त्यांचा. मी लिहायला लागले तेव्हापासूनचा. नोकरीत असताना त्यांना पहिली गाडी धरायची असायची, तरी आधी माझ्यासमोर कप यायचा. मग शेजारच्या खुर्चीत ते जरा वेळ बसायचे, मान वळवून संगणकाच्या पडद्यावर बघायचे नाहीत, आणि उठताना विचारायचे, "लई लांब जायचंय का आज?" म्हणजे किती लिहायचं राहिलंय. कादंबरी त्यांनी वाचलेली नव्हती. "छापून आली की वाचीन, तोवर तुझं चालू दे," म्हणायचे.

तर ट्रे खाली ठेवत ते म्हणाले, "बाई, साखर बेताची हाय. कोण रिकामा म्हनलात?"

"पुस्तकातला एक माणूस," बाई म्हणाल्या. "मुलीला चहा आणून देतो आणि बसून राहतो. लांब जायचंय का, एवढं विचारतो."

यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ट्रेकडे.

"मग काढा त्याला," ते म्हणाले. "फुकट जागा अडवून बसला असंल."

आणि आत गेले. भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. भांडी मी आधीच घासून ठेवली होती.

बाईंनी चष्मा काढला. "हे आहेत का ते?"

"तुम्ही विचारेपर्यंत मलाही कळलं नव्हतं."

खरंच नव्हतं. प्रसंगांच्या यादीत तो कुठंच नाही. प्रत्येक वेळी मधेच आला आणि मी त्याला येऊ दिलं.

बाई माफीबिफी मागत बसल्या नाहीत. चहा संपवला. म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय, पण मत बदलत नाही. तुम्हाला तो कोण हे माहीत आहे, वाचकाला नाही. त्याला पुस्तकात काम हवं. काम सापडलं तर ठेवा, नाहीतर जाऊ द्या. तोवर मी प्रकाशकांना हो कळवणार नाही."

संध्याकाळी बाईंना बसमध्ये बसवायला हेच गेले. मागून गर्दी कमी असलेली गाडी येते, ही सोडा, असं सांगून त्यांना थांबवलं म्हणे. बाईंना खिडकी मिळाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी टेबलाशी बसले. चहा आला नाही. वाटलं, झोप लागली असेल. आत जाऊन पाहिलं तर भिंतीकडे तोंड करून जागेच होते.

"अहो, बरं वाटत नाही का?"

"बरं हाय. तू लिही. उगं मधेमधे कशाला."

मी चहा केला, त्यांचा कप उशाशी ठेवला. तो तसाच गार झाला. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मुलीनं फोन केला. "आई, बाबा फोनवर हो-नाहीच्या पुढे जात नाहीत. काय केलंस तू?" मी म्हटलं, मी काही केलं नाही, पुस्तकानं केलं. ती म्हणाली, "मग पुस्तकालाच निस्तरायला सांग."

मी कामाची माणूस. निर्णय झाला की अंमलबजावणी. किटलीवाल्याला पहिल्या दारापासून काढायला घेतलं. पहिल्या दाराला काही बिघडलं नाही. दुसऱ्याला तर प्रसंग सुटसुटीत झाला. बाईंचं बरोबर होतं, आणि त्याचाच राग येत होता. असं करत शेवटच्या दाराशी आले. पलीकडे शेवटचं गाव, आणि दारावर मांत्रिकांचा म्होरक्या, जो कोणालाच पुढे सोडत नाही. तिथूनही चहाचा परिच्छेद काढला आणि पुढचं वाक्य जोडायला गेले. जुळेना. मुलगी काही केल्या उठेना. ती दगडावर बसली होती आणि शेजारी एका माणसाला पुरेल एवढी जागा सोडून बसली होती.

मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग जे दिसत होतं ते लिहिलं. मुलगी वाट बघते. किटलीचा आवाज येत नाही. लांब जायचंय का, हे आज कोणीच विचारत नाही, आणि तिला पहिल्यांदा वाटतं की खरंच फार लांब जायचंय. ती तशीच बसून राहते. मग तिच्या लक्षात येतं की दारावरचा तो म्होरक्याही एकटाच आहे, त्यालाही कोणी काही विचारत नाही. ती काटक्या गोळा करते, तीन दगड मांडते, हाताशी आहे त्या भांड्यात चहा ठेवते. एक पेला त्याच्यापुढे धरते आणि विचारते, "किती दिवस उभे आहात इथे?" दार उघडतं ते त्यानंतर.

यातलं काहीही यादीत नव्हतं. माझ्या आराखड्यात दार मंत्रानं उघडत होतं.

लिहून झाल्यावर मी बाकीच्या सगळ्या दारांपाशी किटलीवाल्याला होता तसा परत ठेवला. फक्त शेवटच्या दाराला तो येत नाही. ऑफिसला निघायच्या आधी पानं बाईंना ईमेलनं पाठवून दिली.

बाईंचा फोन दुपारच्या डब्याच्या वेळी आला. म्हणाल्या, "घरी गेलात की मला लावा आणि स्पीकरवर ठेवा. ते समोर असू देत."

संध्याकाळी फोन टेबलावर ठेवला. हे हात पुसत आले, उभेच राहिले.

"ऐकताय ना?" बाई म्हणाल्या. "तुमच्या माणसाला आता काढायचं नाही. मी रिकामा म्हणाले होते, ते परत घेते. तो आधी काय करत होता, ते तो एकदा न आल्यावर कळतं. सबंध पुस्तक त्यावर वळतं."

हे खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "म्हंजे कामावर न्हाई गेलं की काम दिसतं व्हय? ही गोष्ट आमच्या डेपोत कुनाला ठाव न्हवती."

बाई हसल्या. "दोन गोष्टी राहिल्यात. एक, या राज्यात चहा कुठून आला? चहाचे मळे कुठंच दाखवलेले नाहीत. काढा करता येईल का?"

"काढा?" हे एकदम पुढे झाले. "पोरगी आजारी हाय का?"

"बरं, चहा राहू द्या. मळा मी कुठंतरी लावून घेते. दुसरी गोष्ट महत्त्वाची. या पुस्तकात कासवालासुद्धा नाव आहे. किटलीवाल्याला का नाही?"

आमच्या घरात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं, तेही बायका दार अडवून उभ्या होत्या म्हणून. त्यानंतर अहो, आणि बाहेर आमचे हे. पुस्तकातही माझी लेखणी तिथं येऊन थांबली असणार. बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग तुम्ही ठेवूच नका. त्यांना ठेवू दे."

"मला?" हे म्हणाले. "मला इचारताय?"

"तुम्हालाच विचारतेय. नाव आलं की मी प्रकाशकांना कळवते."

दुसऱ्या दिवशी पहाटे कप आला. हे खुर्चीत बसले. लांब जायचंय का, असं त्यांनी विचारलंच नाही, उलट त्या दिवशी मीच विचारलं, "झालं का नाव?"

"घाई न्हाई करायची," ते म्हणाले. "पुस्तकात कायमचं राहनार हाय ते."

तेव्हापासून रोज एक नाव येतं. स्वयंपाकघरातून बसस्थानकावरच्या आवाजात पुकारलं जातं, आणि मी काही म्हणायच्या आत त्यांच्याकडूनच रद्द होतं. एक राजासारखं वाटतं, तो काय राजा हाय का. एक फार मऊ पडतं. वाफेश्वर असं एकदा आलं, ते डोंगरावरच्या देवळासारखं वाटलं म्हणून गेलं. दूधवाल्याचा सल्ला झाला, शेजारच्या काकांचा झाला, मुलीला रोज फोन होतो. "तुमचंच ठेवू या का?" असं मी एकदा हळूच विचारलं. "आधी घेऊन तर दाखव," म्हणाले.

त्या दिवशी हे फाटकाशी गेल्यावर मी संगणकावर ते नाव लिहून पाहिलं. बराच वेळ पाहत बसले. मग पुसलं.

बाईंचा काल निरोप आला, बाकी सगळं तयार आहे. माझ्याही यादीत सगळ्यावर खुणा झाल्यात. चहाचा मळा लावला, मांत्रिकाला उशीर करवला, आजीचं प्रकरण तपासून झालं. खाली एकच ओळ उरली आहे : किटलीवाल्याचं नाव.