दोघांची बोट

त्या मंगळवारी अण्णा कॉलेजात गेला. शिकवताना पडला. संध्याकाळी त्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी तिरुवैयारूला, कावेरीकाठी नेलं.

मागे त्याची बायको, म्हणजे माझी वैनी राहिली, मी राहिलो, आणि मल्लिपट्टणमच्या किनाऱ्यावर आमची शिडाची बोट राहिली.

बोट दोन माणसांची. मागे बसणारा सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो, पुढे बसणारा लहान शीड. मागे अण्णा, पुढे मी. चेन्नईला एका सुट्टीत आम्ही नवशिक्यांपुरतं शिकलो होतो. पुढे अण्णा सरावाने तयार झाला. मी होतो तिथेच राहिलो, कारण सांगणारा माझ्या मागे बसलेला असायचा. बोटीचं तोंड वाऱ्यातून फिरवायचं झालं की तो मोठ्याने म्हणायचा, "वळतों!" मग मी हातातला दोर सोडायचा, वाकून पलीकडे जायचं, तिकडचा दोर ओढून धरायचा. समुद्रावरचं माझं सगळं ज्ञान एवढंच.

तेरावा झाल्यावर वैनीने बोटीची गोष्ट काढली. पुदुच्चेरीहून कोणी विकत घ्यायला तयार होतं.

"भाऊजी, तुम्हांला एकट्यांना चालवतां येत असेल तर ठेवा," ती म्हणाली. "नाहीतर जाऊं दे. ह्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवलेलं मला चालायचं नाही."

"मी शिकतो."

"कशांतून? पुस्तकांतून?"

पुस्तकातूनच. दुसरं मला काय येतं? रविवारी पहाटेच्या बसमध्ये, ओरत्तनाडू मागे पडून उजाडलं की मी पुस्तक उघडायचो. एकट्याने बोट कशी चालवायची याला त्यात अर्धं पान दिलं होतं. सुकाणू गुडघ्यांमध्ये धरा म्हणजे हात मोकळे राहतात. वारा चढला की शीड खालून गुंडाळून लहान करा. हे सगळं मला बसमध्ये यायचं.

मी अण्णाच्या जागी बसलो. त्यामुळे पुढची, माझी जागा रिकामी झाली आणि बोट वाऱ्याला कलंडू लागली. तिथे पाण्याने भरलेले दोन कॅन बांधले. मग सुकाणू ढकललं. बोट फिरली, मोठं शीड डोक्यावरून पलीकडे गेलं, आणि लहान शिडाचा दोर माझ्या मुठीत तसाच राहिला. मी थांबलो होतो. कशासाठी, ते पाण्यात पडल्यावर कळलं.

तिथे पाणी छातीएवढंच. डोलकाठी चिखलात रुतली होती. आमच्या बोटीवर लक्ष ठेवणारा म्हातारा मच्छीमार किनाऱ्यावरून ओरडला, "काय सार, झोप लागली का?"

पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्या रविवारीही. डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. हात ऐकल्याशिवाय सुटत नव्हता.

"इंजिन बसवा," म्हातारा म्हणाला. "आमच्या बोटींना आता शीडच नाही. कशाला जिवाला त्रास?"

शेवटी मी स्वतःच म्हणायला लागलो. आधी पुटपुटत, मग मोठ्याने, कारण वाऱ्यात पुटपुटलेलं माझं मलाही ऐकू येत नव्हतं. "वळतों!" आणि दोर सुटला. बोट सरळ पलीकडे निघाली.

"सार, कोणाशी बोलता?" म्हाताऱ्याने विचारलं. "इथल्या मासळीला मराठी येत नाही. तमिळमध्ये सांगा."

त्या दिवशी मी हसलो. घरी परतेपर्यंत ते हसू टिकलं नाही.

त्यानंतर मी झपाट्याने शिकलो. वारा पाठीशी घेऊन वळायला शिकलो. शीड लहान करून दुपारच्या वाऱ्यात परत यायला शिकलो. आडवी झालेली बोट कोणाला हाक न मारता उभी करायला शिकलो. मग वैनीला म्हणालो, "एकदा येऊन बघा."

ती आली. म्हाताऱ्याने दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पदर सावरून बसली. मी बोट दूर नेली, किनाऱ्यासमोर येऊन दोनदा वळवली, एकदाही चुकलो नाही. चिखलातून चालत परत आलो तेव्हा ती उभी होती, बसस्टँडच्या दिशेला तोंड करून.

"चांगलं येतंय तुम्हांला," ती म्हणाली. "बोट ठेवा."

"मग?"

"तुम्ही तसं ओरडतां ना तिथून. अगदीं ह्यांच्यासारखं. लांबून कोण आहे ते दिसत नाही, नुसतं ऐकूं येतं." बसस्टँडकडे बघतच म्हणाली, "न ओरडतां नाही का जमत?"

"नाही."

"मग मला पुन्हा बोलावूं नका, भाऊजी."

बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी पलीकडच्या बाकावर. ओरत्तनाडूला गाडी बराच वेळ थांबली. मी कॉफी आणली. तिने ती घेतली, प्याली नाही.

पुदुच्चेरीच्या माणसाला मी नको म्हणून कळवलं. बोट माझ्याकडे आहे. रविवारी मी एकटा जातो आणि दुपारपर्यंत परत येतो. समुद्र कसा होता, हे घरी कोणी विचारत नाही.