ड्रेसिंगरूममधला दिवा

रुग्णालयांच्या इमारतींत वीज वाचवण्याचे नियम सुधारायचे होते, म्हणून मी लिंबायतमधल्या एका लहान दवाखान्यात गेलो. जुन्या नियमांतलं एक वाक्य माझं होतं: खोलीत हालचाल नसेल तेव्हा दिवे आपोआप बंद व्हावेत. ते मी एकही दवाखाना न बघता, कार्यालयात बसून लिहिलं होतं.

ड्रेसिंगरूमला खिडकी नव्हती. सिस्टर कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या एका कामगाराच्या हातावरचे टाके काढत होत्या, मान खाली, अगदी स्थिर. दिवा गेला. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मावशींनी दोन्ही हात वर करून हलवले, तेव्हा तो परत लागला.

"दिवसभर हेच काम शे माझं," मावशी मला म्हणाल्या. "हा नियम करणाऱ्याला एकदा इथे आणून उभा करा, साहेब."

मी गप्प राहिलो असतो तर कुणालाच कळलं नसतं. पण वाक्य बदलायचं तर चूक कबूल करणं भाग होतं.

"तो मीच, मावशी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग या इकडे. मी चहा पिऊन येते."

टाके निघेपर्यंत मी हात हलवत राहिलो. कामगार इतका हसत होता की सिस्टर त्याच्यावर रागावल्या. मावशी परतल्यावर मी त्यांना दुरुस्त वाक्य वाचून दाखवलं: उपचारांच्या खोल्यांतले दिवे बटणावरच चालावेत.

"आणि संडासातलेही," त्या म्हणाल्या. "म्हातारी माणसं तिथे न हलता बसून राहतात."

हे मला सुचलंच नव्हतं. मी तेही लिहून घेतलं.