देवघरातल्या तीन चाव्या

ती घटना आजही आठवली की डोळ्यांसमोर मोटरसायकल येत नाही. येतात त्या स्टीलच्या डब्यातल्या तीन चकचकीत चाव्या. त्या चकचकीत नसत्या, तर मी एका निरपराध माणसाला कोर्टात उभं केलं असतं आणि वर चांगल्या तपासाबद्दल शाबासकीही घेतली असती.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. आदल्या दिवशी आम्हीही ठाण्यात शस्त्रपूजा केली होती. रायफलींना कुंकू, जीपला झेंडू. बंदोबस्ताने सगळे आंबलेले. संध्याकाळी सातच्या सुमारास एक तिशीचा तरुण प्लॅस्टिकचं फोल्डर छातीशी धरून आत आला.

"साहेब, माझी गाडी चोरीला जाऊच शकत नाही."

"अभिनंदन," मी म्हणालो. "मग इथे काय काम काढलंत?"

"गेली ना पण!"

त्याने टेबलावर बिलं अशी मांडली, जणू सत्यनारायणाचा प्रसाद. पुढच्या चाकाला डिस्क लॉक, नुसता धक्का लागला तरी किंचाळणारं. मागच्या चाकात जाड साखळी, कटरलाही घाम फोडणारी. सीटखाली ट्रॅकर, गाडी हलली की मोबाइलवर सूचना. शिवाय कंपनीचं हँडल लॉक होतंच. आमचे हवालदार सगळं वाचून म्हणाले, "साहेब, आपल्या लॉकअपला याच्यापेक्षा कमी कुलुपं आहेत."

गाडी चारकोपच्या एका सेक्टरमधल्या सोसायटीच्या आवारातून भरदुपारी गेली होती. तक्रारदार तेव्हा वांद्र्याच्या ऑफिसात होता. ट्रॅकरने इमानेइतबारे सूचना पाठवल्या होत्या. पण साहेब मीटिंगमध्ये आणि फोन मुका. अलार्म कुणी ऐकला नव्हता. गेटावरचा कॅमेरा चालू होता, पण त्याच्यासमोर दसऱ्याच्या शुभेच्छांचा बॅनर लागलेला. त्यामुळे आमच्याकडे पूर्ण दुपारभराचं चित्रण होतं, एका नेत्याच्या पाठमोऱ्या नमस्काराचं.

पंचनाम्याला गेलो तेव्हा जागेवर काहीच सापडलं नाही. साखळीची कापलेली कडी नाही, लॉकचा तुकडा नाही, खरवडल्याची खूण नाही. मी मान हलवून म्हणालो, "सराईत टोळी आहे." आज स्वतःचं हसू येतं. कुलूप न तोडता उघडलं म्हणजे चावीने उघडलं, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण वीस-बावीस वर्षं चोर पकडल्यावर माणसाला साधं दिसेनासं होतं.

ट्रॅकरने शेवटचं ठिकाण आरे कॉलनीतलं दाखवलं होतं. सकाळी शोध घेतला, तर रस्त्याच्या वळणावर झुडपात ती काडेपेटीएवढी डबी पडलेली. गाडी नव्हती. आणि तिथून शंभर पावलांवरच्या पाड्यात, भाड्याच्या खोलीत कोण राहत होतं? त्याच सोसायटीचा दिवसपाळीचा वॉचमन.

मला इतका आनंद झाला होता की त्याची आज लाज वाटते.

वॉचमन पन्नाशीचा, परभणीकडचा. दहा वर्षं त्याच गेटावर. अंगात एजन्सीचा निळा शर्ट, वरच्या खिशाला पेन. मी ट्रॅकर त्याच्यासमोर ठेवला.

"ओळखतोस?"

"न्हाई साहेब."

"तुझ्या दारात सापडलाय."

"रस्ता हाय साहेब. कुणीबी टाकंल."

"काल दुपारी कुठे होतास?"

"गेटावर."

"जेवायला गेला होतास?"

"न्हाई. गेटावरच हुतो."

"म्हणजे गाडी तुझ्या नाकासमोरून गेली. कोणी नेली?"

तो गप्प.

जेवायला गेलो होतो, एवढं एक वाक्य त्याला वाचवायला पुरेसं होतं. ते मी जवळजवळ त्याच्या तोंडात दिलं होतं. त्याने घेतलं नाही. खरं तर तिथेच मी खुर्ची मागे सारून विचार करायला हवा होता. चोर खोटं बोलतो. हा माणूस खोटं बोलत नव्हता, तो एका प्रश्नापुरता बोलणंच थांबवत होता. मी तोच प्रश्न पाच वेळा विचारला. पाचव्या गप्पपणाला माझा हात उठला.

एकच मारली. डाव्या कानाखाली. ती मारायचा मला अधिकार नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तो बाकावरून घसरला, उठला, शर्ट नीट केला आणि पुन्हा बसला. गप्पच.

दुपारी पुरवणी जबाबासाठी तक्रारदाराच्या घरी गेलो. घर दोनच माणसांचं. तो आणि त्याची आई. वडील गिरणीत होते, ते वारून बरीच वर्षं झालेली. भिंतीवर वडिलांच्या फोटोशेजारी दुसरा फोटो होता, पस्तिशीच्या हसऱ्या तरुणाचा, त्यालाही हार. "मोठा भाऊ," तक्रारदार म्हणाला. "दोन वर्षं झाली. हायवेला. बाईकवर होता."

आईने चहा ठेवला. पासष्टीची, मालवणकडची, घर लखलखीत ठेवणारी बाई. कप माझ्या हातात देताना हळूच विचारलं, "त्या वॉचमनाक जेवूक घातलात?"

पोलीस ठाण्यात बसवलेल्या चोराच्या जेवणाची चौकशी करणारी फिर्यादीची आई मी तोपर्यंत पाहिली नव्हती. कान टवकारले, पण अजून डोक्यात उजेड नव्हता. फॉर्म भरायचा म्हणून विचारलं, "जादा चाव्या आहेत ना? विम्याला लागतील."

"आहेत की," तक्रारदार म्हणाला. "दसऱ्याला गाडीबरोबर सगळ्या चाव्यांची पूजा केली. कुलुपांची, ट्रॅकरचीसुद्धा. मामा आला होता मुलुंडहून, त्याला सगळं काढून दाखवलं. आई, दे गं."

आईने देवघराखालचा स्टीलचा डबा आणला. मी झाकण उघडलं. आत कपाटाची चावी, दाराच्या लॅचची चावी, दोन्हींवर हळदकुंकवाचा वाळलेला लेप. आणि तीन चाव्या, मोटरसायकलची, डिस्क लॉकची आणि साखळीची, नव्या कोऱ्या नाण्यांसारख्या लखलखीत.

मी सहज आवाजात विचारलं, "आई, यांचं हळदकुंकू कुठे गेलं?"

"धुतलंय."

"का?"

"बाहेरून इलेली वस्तू धुतल्याशिवाय देवाकडे कशी ठेवतलंव?" ती बोलून गेली. आयुष्यभराची सवय बोलली. मग तिला कळलं आपण काय बोललो, आणि तिने पदर तोंडावर धरला.

तक्रारदाराने डब्यातली साखळीची चावी उचलली.

"आई," तक्रारदार म्हणाला, "चाव्या बाहेर कशाला गेल्या होत्या?"

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याशी बोलली. "एक झील माझो, ह्याचो मोठो भाव, ह्याच गेटातून झाकून हाडलो, साहेब. ह्यो पण तसोच चालवता. किती सांगितलंय. ऐकूक नाय. दुसऱ्याक मी तसो बघूक नाय शकत."

तिनेच भावाला बोलावलं होतं. मुलुंडच्या मामाने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन तीन चाव्या लावल्या, तीन कुलुपं उघडली आणि गाडी चालवत आरेच्या रस्त्याने नेली. ट्रॅकर कुठे बसवलाय ते भाच्याने आदल्याच दिवशी कौतुकाने दाखवलं होतं. जंगल लागलं तशी मामाने डबी उपटून झुडपात टाकली. तिथे कोण राहतं, त्याच्या गावीही नव्हतं. जाताना डिस्क लॉक आणि साखळी पिशवीत, आणि चाव्या त्याच संध्याकाळी कुरियरने आल्यासारख्या बहिणीच्या हातात परत. बहिणीने त्या धुतल्या.

"आणि वॉचमन?" मी विचारलं.

"त्याने बघितलंन. मी गॅलरीतून खाली जाऊन त्याचे पाय धरले. म्हटलं, कुणाक सांगू नको. तोच होता गेटावर, मोठ्याची अँब्युलन्स इली तेव्हा. त्यानेच गेट उघडलेलं. तो काय बोललो नाय. नुसती मान हलवलीन."

"सकाळी त्याला उचलला तेव्हा तुम्ही का नाही बोललात?"

"वाटलं, विचारून सोडशात."

मी तिला सांगू शकलो नाही की मी नुसतं विचारलं नव्हतं.

गाडी मुलुंडच्या चाळीमागे ताडपत्रीखाली मिळाली, एक ओरखडा नाही. मुलाने आईविरुद्ध तक्रार द्यायला नकार दिला. गैरसमजातून नोंदलेला गुन्हा म्हणून मी कोर्टात सी समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, पाठवला. आरोपी नाही, खटला नाही. फाइल बंद करताना कोणालाच काही झालं नाही असं कागदावर दिसत होतं.

वॉचमनला मी त्याच संध्याकाळी सोडलं. तोवर सोसायटीच्या सेक्रेटरीने एजन्सीला फोन करून दुसरा माणूस मागवला होता. मी स्वतः सेक्रेटरीला भेटलो, वॉचमन निर्दोष असल्याचं सांगितलं. "ते ठीक आहे हो साहेब," सेक्रेटरी म्हणाले, "पण एकदा पोलिसांनी नेलेला माणूस गेटावर कसा ठेवायचा? मेंबर ऐकत नाहीत." मेंबरांमध्ये तक्रारदारही होता. तो आईशी बरेच महिने बोलत नव्हता असं कानावर आलं. गाडी मात्र चालवतो. सगळ्या जादा चाव्या आता त्याच्या खिशात असतात.

निवृत्तीनंतर लोक मला लग्नात, बारशात, कुठेही गाठून विचारतात, कुठलं लॉक घेऊ? मी सांगतो, घ्या. डिस्क लॉक घ्या, अलार्मवालं घ्या, साखळी जमिनीला टेकू देऊ नका, ट्रॅकर बसवा आणि कुठे बसवला ते मामालाही दाखवू नका. फोन मुका ठेवू नका. लोक हसतात, मीही हसतो. पुढचं मी सांगत नाही. कुलूप न तुटता वस्तू गेली, तर आधी घरात जाऊन बसा, चहा प्या, माणसं बघा. आणि जो माणूस एकाच प्रश्नाला गप्प राहतो, त्याला तोच प्रश्न पुन्हा विचारू नका. तो कोणासाठी गप्प आहे, ते शोधा. मला ते शोधायला एक दिवस लागला, आणि तो दिवस दुसऱ्याच माणसाने भरला.

काही महिन्यांनी मी आरेतल्या त्या पाड्यात गेलो. गणवेश न घालता. तो दारात बसून तांदूळ निवडत होता. मला पाहून उठला, स्टूल पुसून दिलं. मी उभ्यानेच म्हणालो, "माझं चुकलं."

त्याने डोकं थोडं वळवलं, उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाला, "या बाजूनं बोला साहेब. तिकडून ऐकू येत न्हाई."

मला तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. शेजारची माणसं बाहेर येऊन बघू लागली तरी.