लोरीनचं शेवटचं क्रेडिट

फेब्रुवारीत कॅन्ससला उत्तरेचा वारा सुटला की तो दार वाजवत बसत नाही, फटीतून सरळ पायाच्या बोटांत शिरतो. त्या मंगळवारी उजाडायच्या आधीच वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात लोरीन उनरू पाव वळत होती. आमच्याकडचा पाव दुमजली. खाली मोठा गोळा, त्याच्या डोक्यावर छोटा. मधोमध बोट दाबायचं ते असं, की भट्टीत वरचा कलंडला नाही पाहिजे. लोरीनचा कधी कलंडत नसे.

पन्नाशी उलटलेली, हाडापेरानं मजबूत बाई. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. जूनमध्ये स्वयंपाकघराच्या प्रमुख बाई निवृत्त होणार होत्या आणि ती जागा लोरीनला हवी होती. आश्रम चालवणाऱ्या पंचमंडळाचा नियम एकच, प्रमुखाकडे कॉलेजची दोन वर्षांची पदवी पाहिजे, विषय कुठलाही चालेल. नसेल तर बाहेरून माणूस आणणार.

लोरीन कधीपासून एकेक विषय करून जिल्ह्याच्या कॉलेजात पदवी जमवत होती. इंग्रजीचे निबंध लिहिले. बीजगणितात एकदा आपटली, दुसऱ्यांदा निघाली. प्रयोगशाळेत बेडूक फाडला. भाषणाच्या वर्गात उभं राहून ग्रेव्हीत गुठळ्या का होतात ते सांगितलं. इतिहास झाला, मानसशास्त्र झालं. उरलं होतं शारीरिक शिक्षणाचं एक क्रेडिट. ते तिनं मुद्दामच मागं ठेवलं होतं. आपण रोज मैद्याची पोती उचलतो, हे कॉलेजला पटवलं की झालं, असा तिचा हिशेब.

"पोत्यांचं क्रेडिट मिळत नाही हो, लोरीनबाई," कॉलेजातली सल्लागार केन्ड्रा म्हणाली. पोरगी हसरी, पण नियमाला पक्की.

"मग दुसरं काहीतरी दे. चालण्याचा वर्ग असतो ना?"

"तो सप्टेंबरात. पोहणं संध्याकाळी आहे, वजनं उचलणं पहाटे."

"तेव्हा मी चुलीपाशी असते."

"मग दुपारी एकच उरतो. चौकडीचा नाच."

लोरीन खुर्चीतच आक्रसली. आम्ही मेनोनाइट, जुन्या वळणाचे ख्रिस्ती. आमच्यात नाच म्हणजे पाप. आता तरुण पोरं लग्नात नाचतात आणि म्हातारे तेवढा वेळ पार्किंगमध्ये जाऊन उभे राहतात, ते वेगळं. पण लोरीनची आई हुल्डा नव्वदीची. त्याच वृद्धाश्रमात, व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत राहणारी.

तिनं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. "वाजंत्री असते का तिथं?"

"टेपवर व्हायोलिन असतं."

"मग माझ्याकडं परवानगी मागायला येऊ नकोस. पदवी घेऊन देवापुढं उभी राहणार आहेस काय?"

"देवापुढं नाही गं आई, पंचमंडळापुढं."

लोरीननं तोड काढली. दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि वर्गाला गेली. ऐकलंच नाही तर पाप कसलं? शिकवायला पिकेट सर, फुटबॉलचे निवृत्त प्रशिक्षक. चार जोड्या चौकात उभ्या, सर ओरडून हुकूम सोडतात, त्यावर वळायचं, हात धरायचे, जोडीदार बदलायचा. लोरीन दुसऱ्यांचे पाय बघून वळायची, म्हणजे दर वेळी उशिरा.

"लोरीनबाई! डावीकडे म्हणालो मी! तुमची दिशा निराळी आहे का?"

तिचा जोडीदार एक ट्रकवाला होता. तिचं कोपर लागू नये म्हणून त्यानं तिच्याजवळ उभं राहताना आपल्या पोटावर हात आडवा धरायला सुरुवात केली. मग सरांनी सांगून टाकलं. मे महिन्यात परीक्षा, आणि अख्खी चौकडी न मोडता पार पडली तरच क्रेडिट.

त्या दिवशी ती आईकडे तोंड पाडून गेली.

"काय झालं गं?"

"कानात कापूस घालून जाते. हुकूम ऐकू येत नाही. आज ट्रकवाल्याच्या बरगडीत कोपर बसलं."

हुल्डा इतकी हसली की कवळी हातात घ्यावी लागली. मग म्हणाली, "आम्ही कोठारात खेळायचो तेव्हा कुणाला कोपर नाही लागलं."

"काय खेळायचात?"

"चार पोरं, चार पोरी. तोंडानं गाणं म्हणायचं आणि फिरायचं. पाद्र्याचा मुलगाच गाणं सांगायचा. ऊठ, दाखवते."

म्हातारी चाकाचा वॉकर धरून व्हरांड्यात आली. जर्मन गाणं म्हणत एक पाऊल पुढे, एक मागे. लोरीनला हातानं धरून फिरवलं. दोन-तीन दारं उघडली, माना बाहेर आल्या.

"आई, हा तर नाचच आहे."

"गप गं. वाजंत्री कुठाय? हा खेळ. आणि डावा पाय टाक, म्हैस कुठली."

मग महिनाभर जेवणाची ताटं उचलली की व्हरांड्यात खेळ चाले. पावलं बसली. पण परीक्षेत कुठला हुकूम कधी येणार ते सरच ठरवणार, आणि कापसातून तो कळणं शक्य नव्हतं. हे लोरीनला माहीत होतं. आईलाही माहीत असणार.

परीक्षेच्या दुपारी चौकात उभी राहिल्यावर लोरीननं बोळे काढून एप्रनच्या खिशात टाकले. व्हायोलिन सुरू झालं. सर डावीकडे म्हणाले की ती डावीकडेच वळत होती. चौकडी मोडली नाही. ट्रकवाल्यानं शेवटी टोपी काढून सलाम केला. पिकेट सर म्हणाले, "उत्तीर्ण. आता मलाही जरा बसू द्या."

ती तशीच आईच्या खोलीत गेली.

"मिळालं?"

"मिळालं."

"व्हायोलिन ऐकलंस?"

"ऐकलं."

हुल्डानं खिडकीबाहेर बघितलं. गहू गुडघ्याच्या वर आला होता. मग तिनं विचारलं, "कसं होतं?"

"जरा घाईत वाजवत होते."

म्हातारीनं मान हलवली आणि पांघरूण वर ओढून घेतलं. ही मान पसंतीची की नापसंतीची, लोरीनला कळलं नाही. जूनपासून जागा तिची होणार होती, त्यात आता अडचण राहिली नव्हती. रात्रीच्या जेवणाचे बटाटे मात्र अजून सोलायचे होते. स्वयंपाकघरात जाऊन तिनं हात धुतले, सुरी घेतली आणि टोपलीपाशी बसली.