ओरिजिनल व्हीलकॅपचे एक्स्पर्ट

जुनी गाडी घरात असली की दोन गोष्टी साचतात. बाल्कनीत भंगार आणि डोक्यात किस्से. भंगार बायको दर दिवाळीला बाहेर काढते. किस्से काढायला मात्र समोर कोणीतरी बसावं लागतं. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

आमचा ग्रुप सहा-सात जणांचा. कोणी ठाण्याचा, कोणी डोंबिवलीचा, मी कल्याणचा. प्रत्येकाकडे एखादी म्हातारी पद्मिनी नाहीतर अँबॅसेडर. रविवारी सकाळी गाड्या घेऊन कुठेतरी जमायचं, मिसळ खायची आणि दुसऱ्याच्या गाडीत खोट काढायची. इंजिनात खोट काढायला अक्कल लागते, म्हणून सगळे व्हीलकॅपवर घसरतात. व्हीलकॅप म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारं ते चकचकीत झाकण. गाडीबरोबर आलेलं असेल तर ओरिजिनल, नंतर कुठून आणून बसवलं असेल तर डुप्लिकेट. आणि हा निकाल देणार ठाण्याचे प्रधानसाहेब. कोर्टातून रिटायर झालेले. होते कारकून, पण निवृत्तीनंतर न्यायाधीश झाले. झाकण हातात घेतात, बोटाने टकटक वाजवतात, कानाशी नेतात, डोळे मिटतात. मग निकाल. अपील नाही.

*

कल्याणजवळच्या मोहने गावात म्हात्रे म्हणून एक पत्र्याचा कारागीर आहे. हातात जादू आहे त्याच्या. आमच्यातल्या सुहासने, म्हणजे डोंबिवलीच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी, त्याच्याकडून एक व्हीलकॅप बनवून घेतला आणि आपल्या गाडीच्या तीन जुन्या कॅपमध्ये मिसळून चारही साहेबांपुढे ठेवले. म्हात्रेही मजा बघायला आलेला.

साहेबांनी चारही वाजवले. तीन बाजूला सारले आणि एक उचलून धरला. "हा एक खरा. बाकी सगळे बाजारातले."

म्हात्रे गरीबपणे म्हणाला, "साहेब, तो मीच बनवला. मंगलवारी."

आम्हाला वाटलं, आता तरी हे गप्प बसतील. साहेबांनी तो कॅप पुन्हा कानाला लावला आणि म्हणाले, "असेल. पण तू ओरिजिनल बनवलास."

*

एकदा मी उल्हासनगरच्या बाजूला एका स्पेअरपार्टवाल्याकडे गेलेलो. त्याने दोन डबे पुढे ठेवले. म्हणाला, "साहेब, ओरिजिनलमध्ये दोन क्वालिटी आहेत."

"कुठल्या?"

"एक ओरिजिनल, आणि एक एकदम ओरिजिनल."

"मग फरक काय?"

"पहिल्यावाल्याची गॅरंटी देत नाही."

*

सुहासचा एक कॅप पुढे कुठेतरी रस्त्यात पडला. दोन महिने शोधत होता. शेवटी टिटवाळ्याच्या पुढे एका घराच्या अंगणात त्याला हुबेहूब तसाच दिसला. उलटा ठेवलेला, पाण्याने भरलेला, आणि भोवती कोंबड्या.

त्याने घरच्या बाईंना विचारलं, "मावशी, हे भांडं मला द्याल का? माझ्या गाडीचं आहे, म्हणजे तसलंच आहे."

"याच्याशिवाय गाडी चालत नाही का?"

"चालते."

"मग राहू दे. माझ्या कोंबड्यांचं अडतं."

सुहास बाजारात जाऊन स्टीलची नवी परात घेऊन आला. बाईंनी ती उलटसुलट करून बघितली, घरात नेऊन ठेवली आणि कोंबड्यांसाठी प्लास्टिकचा डबा काढला. कॅप मिळाला. पण सुहास तो घासायला तयार नाही. जुनेपणा जाईल म्हणतो. आजही त्याच्या गाडीचे तीन कॅप चमकतात आणि चौथ्यावर चोचींचे ओरखडे आहेत.

*

एका वर्षी ठाण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. परीक्षक अर्थात प्रधानसाहेब. एका बिल्डरने गाडीला आरशासारखं पॉलिश करून आणलेलं. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर धुतला. "कॅप इतके चमकतात म्हणजे गाडीला इतिहास नाही."

पुढच्या वर्षी बिल्डर तीच गाडी घेऊन आला. कॅप तेच, फक्त संडास धुवायच्या ऍसिडने पुसून पावसाळाभर गच्चीवर ठेवलेले. पहिलं बक्षीस त्यालाच. साहेब माईकवर म्हणाले, "हा गंज नीट बघून घ्या. असा गंज आता बनत नाही."

*

आता माझा स्वतःचा किस्सा. माझी पद्मिनी वडिलांची. चारही व्हीलकॅप त्यांच्या वेळचे. दर रविवारी वडील ते जुन्या बनियनने पुसायचे, आणि प्रत्येकाच्या आतल्या बाजूला त्यांनी खिळ्याने गाडीचा नंबर कोरलेला. वडील गेल्यावर गाडीपेक्षा ते चार नंबरच मला जास्त जवळचे झाले.

डोंबिवलीत एका रविवारी माझ्या शेजारीच साहेबांनी आपली पद्मिनी लावली. उतरल्या उतरल्या माझे कॅप वाजवले आणि म्हणाले, "डुप्लिकेट. तुझ्या वडिलांना कोणीतरी गंडवलं." मला ते लागलं. पण वयाचा मान ठेवून मी आत मिसळ खायला गेलो. मिसळ खाऊन बाहेर आलो तर माझी चारही चाकं उघडी. साहेब म्हणाले, "जाऊ दे रे. डुप्लिकेटच होते." मी सरळ पोलीस चौकीत जाऊन तक्रार दिली.

आठ दिवसांनी चौकीवरून फोन आला. चोर सापडलेला, पोतंभर व्हीलकॅपसकट. मी धावत गेलो. बातमी ग्रुपवर टाकलेली, त्यामुळे साहेबही आले, न बोलावता. पोत्यातून मी माझे चार शोधले. आत वडिलांचं अक्षर. मी एकेक आकडा बोटाने चाचपला.

हवालदार कागद भरत होते. त्यांनी विचारलं, "ओरिजिनल लिहू का?"

"छे," साहेब म्हणाले. एक कॅप उचलून टकटक केली. "मी यातला जाणकार आहे. नकली लिहा."

चोर कोपऱ्यात बाकावर बसलेला. चाळिशीचा, शांत माणूस. तो पहिल्यांदाच बोलला. "साहेब, चोर म्हणा, पण नकली मालाला मी हात लावत नाही."

"तुला काय कळतं त्यातलं?" प्रधानसाहेब म्हणाले.

"त्या दिवशी तुमची गाडी यांच्या शेजारीच होती ना?" तो म्हणाला. "तुमचं एक तरी झाकण काढलं का मी?"