मठ्ठ्याचे चार युनिट

"शंभर ग्रॅम द्राक्षं म्हणजे सतरा ग्रॅम कार्ब," असं त्या आहारतज्ज्ञ मुलीनं सांगितलं आणि मी तिथंच भडकलो. "कुठल्या बागेतली?" मी विचारलं. "आणि कधी तोडलेली?"

ती बिचारी तक्त्याकडे बघायला लागली. तक्त्यात बाग नव्हती. आता माझं पोट ह्याच प्रश्नावर चालतं. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याकडे मी बावीस वर्षं काम करतोय. रोज नाशिकहून मोटरसायकलवर निघायचं, निफाड-चांदवडकडच्या बागा फिरायच्या, मणी चाखायचे आणि बाग तोडायला आली की नाही ते सांगायचं. आणि ही कालची पोरगी मला द्राक्षाची गोडी शिकवत होती. मी पिशवीतून ब्रिक्स मीटर काढून तिच्या टेबलावर ठेवलं. वीतभर लांबीची दुर्बीणच ती. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की गोडीचा आकडा दिसतो. चौदा आला तर बाग कच्ची, अठरा आला तर टेम्पो बोलवा.

तिनं डोळा लावून बघितलं. "छान आहे हो काका," ती म्हणाली, "पण ह्यात भाकरी कशी घालणार?"

मी मीटर परत पिशवीत ठेवलं.

मधुमेहाच्या गोळ्यांनी हात टेकले होते, म्हणून डॉक्टरांनी प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिन सुरू केलं होतं. ताटात कार्ब किती ते आधी ओळखायचं आणि दर दहा ग्रॅमला एक युनिट टोचायचं. कमी टोचलं तर साखर चढते, जास्त टोचलं तर उतरते, आणि उतरली की घाम, थरथर, चक्कर. "आणि हे गाडीवर असताना उतरली तर?" बायकोनं विचारलं. घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं. "एकदा जरी रस्त्यात साखर उतरली ना, तर गाडीची किल्ली माझ्याकडे." गाडी नाही म्हणजे बागा नाहीत, आणि बागा नाहीत म्हणजे मी पन्नाशीतच घरी वाटाणे सोलत बसणार. फेब्रुवारी होता, हंगाम ऐन भरात. मी मनातून हादरलो, पण वरवर "बरं बरं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वजनकाटा आणला. बायको भाकऱ्या थापत होती आणि मी तव्यावरून उतरलेली प्रत्येक भाकरी काट्यावर ठेवत होतो. पहिली पंच्याण्णव ग्रॅम, दुसरी एकशे चाळीस. "अगं, एक माप धर की," मी म्हणालो. "सव्वीस वर्षं गिळताना कधी माप विचारलं नाहीत," ती म्हणाली. तिसरी भाकरी एकशे साठ भरली. मग माझ्या लक्षात आलं की मी बोललो की भाकरी जाड होते. तेव्हापासून स्वयंपाकघरात तोंड बंद ठेवायला शिकलो, आणि महिन्याभरात भाकरी नुसती हातात घेऊन कार्ब सांगायला लागलो. बायको काट्यावर ताडून बघायची आणि "हं" म्हणायची. तिच्या तोंडून "हं" म्हणजे पहिला नंबरच.

चहानं मात्र डोकं खाल्लं. बिनसाखरेचा चहा पिऊनही रक्तातल्या साखरेचा सकाळचा आकडा चढलेलाच असायचा. एक दिवस मला काय सुचलं, चहाचा थेंब ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकला. पाच. बिनसाखरेच्या चहात कुठून येणार पाच? बायकोनं आधी कानावर हात ठेवले, मग म्हणाली, "अर्धाच चमचा टाकते हो. तुम्ही पहिल्या दिवशी चहा पिताना असं तोंड केलंत की मला बघवेना." चोरी पकडली म्हणून मी आठवडाभर फुशारकी मारत होतो. तिच्या मायेचं काय करायचं ते मला कळलं नाही, पण यंत्रावरचा माझा विश्वास डोंगराएवढा झाला. ह्या विश्वासानंच पुढं माती खाल्ली.

मार्चच्या सुरुवातीला निफाडजवळची एक बाग तुटली. भाव बरा मिळाला म्हणून शेतकऱ्यानं बांधावरच जेवण घातलं. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि भलामोठा हंडाभर मठ्ठा. दीड भाकरीचे सहा युनिट मी नजरेनंच धरले. मठ्ठ्याचं काय करायचं? आहारतज्ज्ञ मुलीला फोन करता आला असता. पण चार शेतकरी बघत होते. मी बोट बुडवून थेंब काचेवर टाकला आणि उन्हाकडे धरला. रेघ धूसर होती, पण सहाच्या आसपास होती. तीन पेले, छत्तीस ग्रॅम, म्हणजे सरळ चार युनिट. "पाहा, ह्याला म्हणतात हिशेब," मी शेतकऱ्याला म्हणालो. "भाऊ, तुमी लय हुशार हे," तो म्हणाला. मी पोटाला दहा युनिट टोचून ताव मारला आणि तासाभरानं गाडीला किक मारली.

पिंपळगावच्या वाटेवर दोन कोस गेलो नसेन, तर अंगातून पाणी सुटलं. हँडलवरचे हात माझे नाहीतच असं वाटायला लागलं. समोरून टेम्पो येत होता आणि तो एक आहे की दोन, हे मला कळेना. मी घाबरलो, सरळ सांगतो. कशीबशी गाडी कडेला लावली आणि बोट टोचून बघितलं, बावन्न. खिशात साखर ठेवा असं मला दहादा बजावलं होतं. द्राक्षांच्या मुलखात साखर कशाला बाळगायची, असं म्हणून मी ती ठेवली नव्हती. मग शेजारच्या बागेत शिरलो आणि हाताला येईल तो घड तोंडात कोंबायला लागलो. मणी आंबट. जन्मभर मी लोकांना कच्ची बाग तोडू नका म्हणून सांगितलं आणि आता तीच बकाबका खात होतो.

"कोन हे रं तिकडं?" काठी घेऊन एक म्हातारी आली.

"चोर नाही मावशी. साखर उतरलीय."

"दोन घड खाल्ले आन् साखर उतरली म्हनतो," ती म्हणाली. पण माझे हात बघून तिनं काठी टाकली आणि जवळ बसली. जरा दम आल्यावर मी सवयीनं म्हणालो, "मावशी, बाग कच्ची आहे, दहा दिवस थांबा."

"ते मलाबी ठाव हे. म्हनून तर तोडली नाय."

अर्धा तास तिनं मला उठू दिलं नाही. आकडा शंभरावर गेल्यावरच गाडीपर्यंत आली. मी तिथूनच आहारतज्ज्ञ मुलीला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "काका, मठ्ठ्यात मीठ नव्हतं का?" होतं की, चांगलं सणसणीत होतं. "तुमचं मीटर नुसती साखर मोजत नाही. मीठ विरघळलं तरी आकडा चढतो. तीन पेल्यांना फार तर एक युनिट लागलं असतं." बावीस वर्षं मी त्या काचेला डोळा लावतोय. द्राक्षात मीठ नसतं, म्हणून मला हे कधी कळलंच नाही.

घरी पोचलो तेव्हा बायको कोथिंबीर निवडत होती. कुणी सांगायला येणार नव्हतं. हंगामाचा महिना उरला होता. मी हातपाय धुतले, चहा घेतला, आणि किल्ली तिच्यासमोर ठेवली.

"किती झाली होती?" तिनं विचारलं.

"बावन्न."

"किती वेळ बसलात रस्त्यावर?"

"पाच मिनिटं," मी म्हणालो. तिनं वर बघितलं. "अर्धा तास," मी म्हणालो.

मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण तिनं किल्ली मुठीत धरली. मग म्हणाली, "हंगाम संपेपर्यंत मी नेईन स्कूटीवर. पाचला उठायचं."

"बायकोच्या मागं बसून बागेत गेलो तर लोक हसतील."

"हसू द्या. मला माणूस हवाय," ती म्हणाली, आणि कोथिंबीर तशीच टाकून आत गेली.

सकाळी सहाला मी पिशवी पोटाशी धरून तिच्या मागं बसलो. स्कूटी सुरू करताना ती मागं न बघता म्हणाली, "वाटेत बोलत राहा. गप्प झालात की मी गाडी थांबवणार." मी पिंपळगावपर्यंत बोलत होतो.