सुरूच्या बनातला डबा

कविताचा फोन आला तेव्हा मी विश्रांतवाडीच्या चौकात सिग्नलला गाडीत बसलो होतो. तिचा फोन नेहमी ‘कुठेयस?’नं सुरू होतो. त्या सकाळीही तसाच झाला. मी सांगितलं, तर म्हणाली, “गाडी बाजूला घे आधी.” एवढ्यावरच मला कळलं. तरी मी वेड्यासारखं विचारलं, “का?” ती म्हणाली, “श्रीरंग गेला रे…” सिग्नल सुटला होता, मागून हॉर्न वाजत होते, आणि मला गाडी पुढे घ्यायची की मागे तेच सुचेना. एक स्कूटरवाला खिडकीशी थांबून म्हणाला, “काका, झोपलात का?” मनात पहिला विचार आला तो हा, की याला श्रीरंगनं काय उत्तर दिलं असतं… आणि मग लक्षात आलं, की आता ते कधीच कळणार नाही.

या गोष्टीला दीड महिना होत आला. श्रीरंगबद्दल लिही, असं कविता मागे लागली आहे. तिचं म्हणणं, तू त्याला सगळ्यात जास्त झेललंस. ते खरं आहे. कंपनीत मी रुजू झालो त्या दिवशी, नव्वदीचं दशक संपता संपता, शेजारच्या टेबलावरून त्याचं मला उद्देशून पहिलं वाक्य आलं होतं : “तुम्ही बसलात त्या खुर्चीचा एक पाय मोडका आहे. सांगितलं नाही, असं नंतर म्हणू नका.” तो सदाशिव पेठेतला, मी विश्रांतवाडीचा. माझे वडील लष्कराच्या डेपोत फिटर होते आणि संध्याकाळी वस्तीतल्या विहारात मुलांना गणित शिकवायचे. आमच्या घरातला मी पहिला इंजिनिअर, त्याच्या घरातला तो कितवा ते त्यालाही ठाऊक नसावं. ‘मिलिंदराव’ म्हणून तो मला जे चिडवू लागला, ते माझे वडील वारले त्या दिवसापर्यंत. त्या दिवशी तो पांढरा शर्ट घालून सकाळीच आला. कुणाला काही न विचारता पाण्याचे हंडे भरले, दुपारी विहारात सगळ्यांबरोबर खाली बसला, आणि निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून फक्त ‘मिलिंद’ म्हणाला. तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा ‘राव’ झालो, आणि मला फार बरं वाटलं.

आम्हा दोघांना आणि आमच्याच ऑफिसातल्या कविताला कंपनीनं एकदा अमेरिकेत पाठवलं. पश्चिम किनाऱ्यावरचं एक छोटं, कायम ढगाळ गाव. शनिवार-रविवारी करायचं काय, हा तिथं सगळ्यांनाच पडणारा प्रश्न. श्रीरंगनं कुठूनसं उपग्रहावरून जागा दाखवणारं एक जुनं यंत्र विकत आणलं आणि जाहीर केलं की आजपासून आपण जिओकॅशिंग करणार. म्हणजे असं, की कुणीतरी एक छोटा डबा कुठंतरी लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. आपण यंत्र घेऊन तो शोधायचा, आतल्या चिठ्ठीवर सही करायची आणि डबा होता तिथं ठेवून द्यायचा. “यात मिळतं काय?” मी विचारलं. “काही नाही,” तो म्हणाला. “म्हणूनच तर.” समुद्राकाठच्या बागांमधून, बाकांखालून, पडलेल्या ओंडक्यांच्या पोटातून आम्ही डबे शोधत फिरायचो. यंत्र हातात घेऊन तो म्हणायचा, “आमच्या पेठेत पत्ता विचारला की अपमान होतो. हे निदान गप्प राहून दाखवतं.” पुण्याला परतल्यावरही तो नाद सुटला नाही. इथं लपवणारे थोडे, शोधणारे त्याहून थोडे. तरी तळजाई, वेताळ टेकडी, जिथं एखादा डबा असल्याचं कळेल तिथं तो आम्हाला ओढून न्यायचा. त्याच्या लग्नानंतर मेधावहिनीही सामील झाल्या. त्यांना डबा आधी दिसायचा आणि याला तो सापडेपर्यंत त्या बोलायच्या नाहीत. पुढे मी नोकरी बदलली, कवितानं स्वतःची छोटी कंपनी काढली, केस पांढरे झाले… पण टेकडीवरचा रविवार सहसा चुकला नाही.

तळजाईवरच ते पहिल्यांदा दिसलं. सापडलेल्या डब्याचं झाकण त्याला उघडता येईना. “घट्ट बसलंय,” म्हणून त्यानं ते माझ्याकडे दिलं. माझ्या हातात ते सहज निघालं. मग पायरीवर अडखळणं आलं, पेन सुटणं आलं. पुढे जीभ जड झाली. ऑफिसच्या एका कॉलवर समोरचा माणूस सारखा म्हणत होता, लाइन खराब आहे, आवाज नीट येत नाही. तेव्हा यानं शांतपणे सांगितलं, “लाइन उत्तम आहे. माणूस खराब झालाय.” मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायू एकेक करून जातात, बुद्धी शेवटपर्यंत लख्ख राहते. नाव कळलं त्या दिवशी आम्ही सगळे त्याच्या घरी गप्प बसलो होतो, तर हाच म्हणाला, “पुण्यातला एक माणूस कमी बोलणार. शहराचा फायदाच आहे.” वहिनी उठून आत गेल्या.

आणि खरंच, बोलणं गेलं. ज्या माणसाकडे बोलण्याशिवाय दुसरं कुठलंच व्यसन नव्हतं, त्याचं बोलणं गेलं. वहिनींनी मोठ्या पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहून एक फळा केला. आपण अक्षरांवरून बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की तो डोळे मिटायचा. ‘हो’ म्हणायलाही डोळे मिटायचे. एका वाक्याला चहा गार व्हायचा. तरी ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं त्याला चालत नसे. ‘पाणी’ला मी पहिली वेलांटी दिली, तर दुसरी देईपर्यंत तो माझ्याकडे टक लावून बघत बसला. तहान लागलेली असताना!

कोकणात जायची कल्पना कविताची. “त्याला एकदा समुद्राकाठी डबे शोधायला नेऊ या,” ती म्हणाली. डॉक्टरांनी आधी नकारार्थी मान हलवली, मग वहिनींकडे बघून म्हणाले, “जाऊन या. थंडीच्या आत जा.” बिबवेवाडीत कविताच्या भावाचं फर्निचरचं दुकान आहे. तिथून तिनं दोन लांब फळ्या आणल्या, गाडीच्या टपावर बांधल्या, आणि ताम्हिणीतून वळणं घेत, दर वळणाला आरशात त्याची मान बघत, तिनं आम्हाला दिवेआगरला नेलं. मुक्काम एका घरगुती निवासात. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडलं तेव्हा श्रीरंग आधीच जागा होता आणि लाटांच्या आवाजाच्या दिशेनं बघत होता.

किनाऱ्यालगत सुरूचं बन आहे. खाली काड्यांचा थर, त्याखाली वाळू. चाकाची खुर्ची रुतणार, म्हणून त्या फळ्या. एक फळी टाकायची, खुर्ची तिच्यावरून ढकलायची, दुसरी पुढे टाकायची, मागची उचलायची. असे आम्ही हळूहळू बनात शिरलो. खुर्चीच्या हाताला फोन बांधला होता, त्यावर अंतर आणि दिशा दिसत होती. ते वाचणार एकटा श्रीरंग. त्यानं डावीकडे पाहिलं की डावीकडे जायचं, उजवीकडे पाहिलं की उजवीकडे, डोळे मिटले की सरळ. पाहता पाहता आम्ही सगळे त्याचा आजारच विसरलो. कविता ओरडत होती, “अरे, लवकर बोल, डावीकडे की उजवीकडे?” आणि ‘बोल’ म्हटल्याचं कुणाला काही वाटलंही नाही.

मला त्यानं ठाम उजवीकडे पाठवलं. तिथं केवड्याचं बेट होतं. मी आत शिरलो, कोपरापर्यंत ओरबाडलो, खाली बसून हात घातला, काही नाही. बाहेर डोकं काढून विचारलं, “अजून आत?” त्यानं डोळे मिटले. अजून आत गेलो. पॅण्ट फाटली. वैतागून बाहेर आलो तर मेधावहिनी खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि त्यांचा हात तोंडावर होता. मला वाटलं त्याला काही झालं. धावत गेलो. तर त्याचे खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “हसतोय तो,” वहिनी म्हणाल्या. “मिलिंद, अहो, हसतोय हो तो!” कित्येक महिन्यांत तो हसला नव्हता. तोंड हलत नव्हतं, आवाज नव्हता, पण माणसाला काट्यांत पाठवून हसणारा श्रीरंग तिथं सबंध बसला होता.

डबा डावीकडे होता. एका पडलेल्या सुरूच्या मुळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, कडीचा स्टीलचा डबा. मी तो उघडून त्याच्यासमोर धरला. आत कोरी चिठ्ठी, पेन्सिल आणि लिमलेटच्या गोळ्या. त्यानं डब्याकडे पाहिलं, मग कविताकडे पाहिलं, आणि मग अक्षरांच्या फळ्याकडे. वहिनींनी बोट फिरवायला सुरुवात केली. क… वि… ता… पुढची अक्षरं जुळेपर्यंत आम्ही त्या बोटाकडे बघत उभे होतो. “कविताची पोळीभाजी कुठे?”

कविता मटकन खाली बसली. ऑफिसात वर्षानुवर्षं ती जेवण आणायची तोच तो डबा होता. त्या भागात खऱ्या जिओकॅशिंगवाल्यांचा डबाच नव्हता. आदल्या रविवारी ती एकटी पुण्याहून येऊन दोन डबे लपवून गेली होती, हा इथं आणि दुसरा श्रीवर्धनला. आमच्यापैकी कुणालाही तिनं तोवर ते सांगितलं नव्हतं. ती आधी हसली, मग जे रडायला लागली ते थांबेना. श्रीरंग तिच्याकडे बघत राहिला. मग पुन्हा फळ्याकडे पाहिलं. “दुसरा कुठे? आता खरंच शोधू.”

दुसरा डबा श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच्या बागेत, कुंपणाच्या दगडात मिळाला. ऊन उतरलं होतं. वहिनी आणि कविता शहाळी आणायला गेल्या आणि आम्ही दोघंच समुद्राकडे तोंड करून बसलो. त्यानं डोळ्यांनी फळा मागितला. मी अक्षरांवरून बोट फिरवू लागलो. न… ळी… मला वाटलं शहाळ्याबद्दल काही असेल. “नळी नको.”

श्वास कमी पडायला लागला की गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची आणि यंत्रावर ठेवायचं, असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. वहिनींनी त्या यंत्रासाठी घरातलं कपाट सरकवून जागासुद्धा केली होती. मी म्हटलं, “श्रीरंग, आत्ता कशाला हा विषय?” तो बघत राहिला. मी म्हटलं, “नीट विचार केलायस?” डोळे मिटले. “नक्की?” मिटले. “हे तू वहिनींना सांगायला हवंस रे, मला नाही.” तेव्हा त्यानं पुन्हा फळ्याकडे पाहिलं, आणि पुढचं वाक्य पुरं व्हायला इतका वेळ लागला की पाण्याची रेघ बागेच्या भिंतीपर्यंत आली. “मी सांगितलं तर ती फळा लपवेल. तू सांग.” मग थोडं थांबून, “आज मजा आली.”

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. दिवेआगरच्या त्या घराच्या ओसरीवर वहिनी त्याच्या पायांची वाळू धुऊन नुकत्याच बाहेर येऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओलं फडकं पिळत राहिल्या, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी.

“फळा मी लपवला असता,” त्या म्हणाल्या. “खरंच लपवला असता… नक्की विचारलंत ना तुम्ही?”

“विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं.”

“मग?”

“शेवटी शेवटी त्यानं वैतागून डोळे फिरवले माझ्याकडे बघून.”

त्यांनी फडकं झटकून दांडीवर टाकलं. मग म्हणाल्या, “म्हणजे नक्कीच.” आणि आत त्याच्याजवळ जाऊन बसल्या. दार लोटलं नव्हतं. त्याच्या छातीवर डोकं टेकून त्या लहान मुलीसारख्या रडल्या आणि त्याला हात उचलता येत नव्हता… याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

थंडी आली आणि कफ आला. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं नळीचा कागद पुढे केला, तेव्हा आम्ही दोघं तिघं बाजूला उभे होतो. वहिनींनी कागद परत दिला. म्हणाल्या, “ह्यांना नकोय. आम्ही घरी जातो.” आवाज जराही हलला नाही. घरी नेल्यावर तो आठवडाभर होता. एका सकाळी वहिनी त्याचं तोंड पुसत असताना त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मग पाहीनासा झाला. वैकुंठ स्मशानभूमीत पुढचा खांदा मी द्यावा, असं वहिनींनीच सांगितलं. कुणा नातेवाइकानं काही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. कपाट पुन्हा जुन्या जागी आलं आहे. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटते. आम्ही इकडचं तिकडचं बोललो, बँकेचं, सोसायटीच्या पाण्याचं. मग वहिनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन वळल्या आणि त्यांनी विचारलं, “चहात आलं घालू?”

“घाला,” मी म्हटलं.

त्या गेल्या नाहीत. दाराच्या चौकटीला हात टेकून, माझ्या चेहऱ्याकडे बघत, अजिबात घाई न करता त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा ‘घाला’ म्हणणार होतो. पण त्यांचं लक्ष माझ्या ओठांकडे नव्हतंच. त्या घरात प्रश्न विचारला की असं थांबायचं असतं.

मी डोळे मिटले.

“बरं,” म्हणून त्या आत गेल्या.